सत्तर पैशांचा पूर

डोक्यावर बादली उपडी करायला फार तर तीन-चार सेकंद लागतात. त्याआधी कॅमेऱ्याकडे बघून तिघांची नावं घ्यायची, ‘चोवीस तासांत तुम्हीही हे करा, नाहीतर पैसे द्या’ असं बजावायचं, आणि मग बर्फाचं पाणी अंगावर घेऊन किंचाळायचं. २०१४ च्या जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत ‘आइस बकेट’च्या या खेळाचे १ कोटी ७० लाखांहून अधिक व्हिडिओ एकट्या फेसबुकवर चढले. ते ४४ कोटी माणसांनी पाहिले. कुणी एकदा, कुणी पन्नासदा. सगळ्यांचं पाहणं मोजलं तर बेरीज गेली एक हजार कोटींवर. एकावर दहा शून्यं.

एवढ्या मोठ्या आकड्यावरून डोळा नुसता घसरत जातो, म्हणून तो वेळेत मोजू. प्रत्येक वेळी व्हिडिओ फक्त दहा सेकंद पाहिला गेला असं धरलं, तरी एकूण दहा हजार कोटी सेकंद होतात. म्हणजे सुमारे ३,१७० वर्षं. एकाच माणसाला हे सगळं ओळीने पाहून २०१४ मध्ये उठायचं असतं, तर त्याला सातवाहनांच्याही हजारेक वर्षं आधी पाहायला बसावं लागलं असतं. तेही डोळ्याला डोळा न लावता.

आता पाणी मोजू. बादली दहा लिटरची धरली तर १ कोटी ७० लाख बादल्यांचं पाणी होतं १७ कोटी लिटर. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून तहानलेल्या लातूरला पाण्याची रेल्वे धावली होती, ती आपल्याला आठवते. पन्नास वाघिणींच्या त्या गाडीत एका खेपेला साधारण २५ लाख लिटर पाणी मावायचं. त्या हिशेबाने ही बादल्यांची हौस झाली ६८ गाड्यांची. ‘पाण्याची नासाडी’ म्हणून त्या वेळी ओरड झाली ती उगाच नव्हती. हैदराबादच्या पत्रकार मंजुलता कलानिधी यांनी तेव्हाच आपल्याकडचा उतारा काढला: बर्फ नको, बादलीभर तांदूळ गरजूला द्या. ‘राइस बकेट’ या नावाने ती कल्पनाही बघता बघता पसरली.

आणि पैसे? एएलएस या चेतापेशींच्या आजारासाठी काम करणाऱ्या, अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशन या संस्थेच्या खात्यात त्या हंगामात जमा झाले साडेअकरा कोटी डॉलर. डॉलर तेव्हा ६१ रुपयांच्या आसपास होता. म्हणजे सातशे कोटी रुपये. सातशे कोटी भागिले हजार कोटी वेळा पाहणं. उत्तर येतं सत्तर पैसे.

एका वेळच्या पाहण्यामागे सत्तर पैसे. जगभरातल्या इतर संस्थांना मिळालेलं धरून एकूण बेरीज २२ कोटी डॉलरच्या घरात गेली असं सांगतात. ती घेतली तरी हिशेब सव्वा-दीड रुपयाच्या मध्ये कुठेतरी थांबतो. समाजमाध्यमांच्या इतिहासात देणगीचा याहून गाजलेला पूर आलेला नाही, आणि त्यातल्या एका थेंबाची किंमत ही एवढी.

तिघांची नावं

हा पूर आला कसा, हे समजायला तिसरीच्या मुलाला येणारं गणित पुरतं. एकाने तिघांना सांगितलं, त्या तिघांनी नऊ जणांना, नऊंनी सत्तावीस. रोज एक पायरी. पंधराव्या दिवशी १ कोटी ४३ लाख ४८ हजार ९०७ माणसं बादली घेऊन उभी राहायला हवीत. विसाव्या दिवशी ३४८ कोटी. आणि एकविसाव्या दिवशी हवीत १,०४६ कोटी. पण पृथ्वीवर तेव्हा माणसंच होती सव्वासातशे कोटींच्या आसपास. म्हणजे प्रत्येकाने शब्द पाळला असता, तर तीन आठवड्यांच्या आत नाव घ्यायला माणूस उरला नसता.

तसं अर्थातच झालं नाही. हाँगकाँग विद्यापीठातल्या साथरोगांच्या अभ्यासकांनी डिसेंबर २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक गमतीदार निबंध छापला. गोवर किंवा फ्लू एकापासून किती जणांना होतो हे जसं मोजतात, तसं त्यांनी बादलीचं मोजमाप केलं, तेही जगभरच्या नामवंतांपुरतं. एका माणसापासून ‘लागण’ होत होती सरासरी १.४३ जणांना, आणि एकाकडून दुसऱ्याकडे जायला लागत होते २.१ दिवस. म्हणजे तिघांची नावं घेतली तरी हलायचे दीडसुद्धा नाहीत.

पण हे दीडसुद्धा नसलेलं माणूस काय करतं बघा. १.४३ हा वेग सगळ्यांना लावला आणि दर २.१ दिवसांनी एक पायरी धरली, तर एका माणसापासून सुरू होऊन १ कोटी ७० लाखांवर पोचायला किती दिवस लागतील? मी कागदावर मांडून बघितलं, उत्तर आलं ९१ दिवस. फेसबुकने मोजलेले तीन महिने भरतात ९२ दिवसांचे. नामवंतांचा वेग सामान्यांना लावणं हे शास्त्र नव्हे, हा निव्वळ पाठकोऱ्या कागदावरचा हिशेब आहे. तरीही तो असा जुळला की मी दोनदा तपासून पाहिला.

हाच आकडा १.४३ ऐवजी ०.९ असता, तर एका माणसापासून निघालेली साखळी सरासरी दहा माणसांत आटपली असती. एकावरचा हा जरासा अपूर्णांक सगळा खेळ करून जातो. आणि तो अपूर्णांक येतो कुठून? ‘सगळ्यांनी मदत करा’ असं म्हणून नव्हे. ‘तू, तू आणि तू’ असं नाव घेऊन.

सेकंदाला एक, सेकंदाला अडतीस

ही बादली मुळात कुठल्याच एका आजाराची नव्हती. थंड पाणी ओतून घ्यायची आणि आपल्या आवडीच्या संस्थेला पैसे द्यायची टूम आधीपासून चालू होती. जुलै २०१४ मध्ये फ्लोरिडातल्या एका गोल्फपटूने ती एएलएसशी जोडली, कारण त्याच्या बायकोच्या नात्यात एकाला हा आजार होता. तिथून ती न्यूयॉर्कजवळच्या योंकर्समधल्या पॅट क्विनकडे गेली, आणि त्याच्याकडून बोस्टनच्या पीट फ्रेट्सकडे. दोघेही तिशीच्या आतबाहेरचे, दोघांनाही एएलएस. फ्रेट्स तर बोस्टन कॉलेजच्या बेसबॉल संघाचा कर्णधार राहिलेला. मित्रमंडळ मोठं आणि त्याच्यावर जीव टाकणारं.

एएलएसमध्ये स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरतात. हात जातात, पाय जातात, बोलणं जातं, गिळणं जातं, शेवटी श्वास. बुद्धी बहुतेकांची जागीच असते. स्टीफन हॉकिंग दशकानुदशकं तगले तो अपवाद. निदान झाल्यावर बहुतेकांच्या हाती दोन ते पाच वर्षं उरतात. २०१४ मध्ये अमेरिकेत या आजारावर मंजुरी मिळालेलं औषध एकच होतं, तेही १९९५ सालचं. आजार विरळा, रुग्ण थोडे, म्हणून औषध कंपन्यांना त्यात फारसा रस नव्हता.

अशा आजाराच्या संस्थेकडे २०१३ साली २९ जुलै ते २९ ऑगस्ट या महिन्यात जमले होते २८ लाख डॉलर. म्हणजे दर सेकंदाला साधारण एक डॉलर. पुढच्या वर्षी त्याच तारखांना जमले १० कोटी ९ लाख. सेकंदाला अडतीस. तुम्ही हे वाक्य वाचून संपवेपर्यंत, त्या ऑगस्टच्या वेगाने, दहा-बारा हजार रुपये येऊन पडले असते.

देणारे किती? पंचवीस ते तीस लाख. माणशी सरासरी चाळीस डॉलरच्या आसपास. बिल गेट्स यांनी बादली उपडी करायला स्वतः आराखडा काढून सांगाडा उभारला, माजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश भिजले, हे सगळं आपण पाहिलं. पण सातशे कोटींचा डोंगर उभा राहिला तो या चाळीस-चाळीस डॉलरच्या खड्यांनी.

आता ४४ कोटी पाहणारे आणि पंचवीस-तीस लाख देणारे, यांचं प्रमाण काढा. ढोबळ मानाने दीडशे-पावणेदोनशे पाहणाऱ्यांमागे एक देणारा. हे प्रमाण लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

मिलिमीटरला तेरा पौंड

समाजमाध्यमांवरचा दुसरा डोंगर उभा राहिला एका वॉकरच्या आधाराने. इंग्लंडमधल्या बेडफर्डशरमध्ये मार्स्टन मोरटेन नावाचं खेडं आहे. तिथले निवृत्त कॅप्टन टॉम मूर दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडे होते. सैन्याच्या मोटारसायकलस्वारांना शिकवायच्या कामावर त्यांची नेमणूक आधी मुंबईत आणि मग कोलकात्यात झाली होती. एप्रिल २०२० मध्ये, शंभरी भरायला काही दिवस उरले असताना, त्यांनी ठरवलं की घराच्या २५ मीटरच्या अंगणात शंभर खेपा घालायच्या आणि त्यावर सरकारी आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी हजार पौंड जमवायचे.

३० एप्रिलला वाढदिवसापाशी मोहीम थांबली तेव्हा जमले होते ३ कोटी २७ लाखांहून अधिक पौंड. आपले तीनशे कोटी रुपये. देणारे पंधरा लाख. माणशी एकवीस-बावीस पौंड.

शंभर खेपा म्हणजे अडीच किलोमीटर. अडीच किलोमीटर म्हणजे पंचवीस लाख मिलिमीटर. भागाकार करा: वॉकर एक मिलिमीटर पुढे सरकला की तेरा पौंड, म्हणजे बाराशे रुपयांच्या वर. मुंग्यासुद्धा मिलिमीटरमध्ये चालत नाहीत, पण टॉम मूर यांचं अंगण त्या भावाने गेलं. ठरवलेल्या रकमेच्या जवळजवळ ३३ हजार पट पैसे आले.

त्यांच्या कुटुंबाने पुढे काढलेल्या वेगळ्या संस्थेच्या कारभारावर २०२४ मध्ये ब्रिटनच्या धर्मादाय नियामकाने कडक ठपका ठेवला. अंगणातल्या खेपांचे पैसे त्या संस्थेकडे गेलेच नव्हते, ते थेट आरोग्यसेवेच्या निधीत पडले होते. तरी बातमी वाचणाऱ्यांपैकी किती जणांच्या डोक्यात हा फरक राहिला असेल? पंधरा लाखांचा विश्वास मिळवायला तीन आठवडे पुरले. तो डागळायला एक मथळा पुरतो.

रोकियाचे दोन डॉलर अडतीस सेंट

इथे या लेखालाच अडचणीत आणणारा एक प्रयोग सांगायला हवा. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोव्हिक या तिघा अमेरिकी संशोधकांनी तो २००७ मध्ये प्रसिद्ध केला. लोकांच्या हाती पाच-पाच डॉलर दिले आणि म्हटलं, यातले हवे तेवढे आफ्रिकेतल्या भुकेल्यांसाठी द्या. काहींना दाखवली माली देशातली सात वर्षांची रोकिया नावाची मुलगी. काहींना दिले नुसते आकडे: किती लाख उपाशी, किती देशांत. तिसऱ्या गटाला दोन्ही.

आकडे वाचणाऱ्यांनी दिले सरासरी १ डॉलर १४ सेंट. रोकियाला पाहणाऱ्यांनी २ डॉलर ३८ सेंट, दुपटीहून जास्त. आणि रोकियाच्या शेजारी आकडे ठेवले तेव्हा? १ डॉलर ४३ सेंट. आकड्यांनी भर तर घातली नाहीच, उलट मुलीच्या ताटातलं काढून घेतलं.

आपल्याकडे याचा पुरावा २०२१ मध्ये दिसला. पाठीच्या कण्यातल्या चेतापेशींच्या एका जनुकीय आजारावर एकच इंजेक्शन, किंमत सोळा-अठरा कोटी रुपये. मुंबईतल्या काही महिन्यांच्या एका मुलीसाठी सोळा कोटी जमले, केंद्राने सुमारे सहा कोटींचा कर माफ केला. त्याच वर्षी केरळात कण्णूरकडच्या एका लहान मुलासाठी त्याच्याच आजाराने चाकाच्या खुर्चीला खिळलेल्या मोठ्या बहिणीने व्हिडिओवर साद घातली. हवे होते अठरा कोटी. आठवडाभराच्या आतच जमले सेहेचाळीस कोटींच्या वर, आणि ‘आता पाठवू नका’ असं सांगायची वेळ आली. देणारे सात लाखांहून अधिक, म्हणजे माणशी सहाशे रुपये. उरलेली रक्कम त्याच आजाराच्या दुसऱ्या मुलांसाठी वापरायचं ठरलं.

चेहऱ्याला अशी गर्दी होते. पण कुपोषणाचा वॉर्ड, वस्तीतली अभ्यासिका, गावातलं वाचनालय यांना चेहरा कुठला? सामाजिक कामाला पैसे मागणाऱ्यांची खरी पंचाईत इथे आहे.

एक पैसा

ही पंचाईत आपल्याकडे नवी नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अंताजी दामोदर काळे नावाचा माणूस गावोगाव फिरून सांगत होता: देशी उद्योगांसाठी प्रत्येकाने फक्त एक पैसा द्या. लोकमान्य टिळकांनी ती कल्पना उचलून धरली. त्यातून १९०८ मध्ये तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. १९०१ च्या शिरगणतीत हिंदुस्थानची लोकसंख्या होती २९ कोटी ४० लाख, आणि रुपयाचे तेव्हा चौसष्ट पैसे. सगळ्यांनी खरंच एक-एक पैसा दिला असता तर जमले असते ४६ लाख रुपये. त्या काळी केवढी ही रक्कम! अडचण पैशाची नव्हतीच. तो एक पैसा उचलायला गावोगाव माणूस पाठवायचा, त्याला भाकरी घालायची, हिशेब ठेवायचा, हाच खर्च पैशाहून मोठा होता.

ती अडचण आज उरलेली नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयवरून २०२४-२५ या आर्थिक वर्षात १८,५८७ कोटी व्यवहार झाले. दिवसाला एक्कावन्न कोटी. सेकंदाला सुमारे ५,९००. यातल्या प्रत्येक व्यवहारामागे पैसा फंडासारखा आजचा एक पैसा बाजूला पडला असता, तर वर्षाला जमले असते १८६ कोटी रुपये. चहावाल्याच्या टपरीवर दहा रुपये देताना कुणाला एक पैसा गेल्याचं कळलंही नसतं. अंताजीपंतांना जे चपला झिजवून जमलं नसतं, ते करणारं तंत्र आता खिशात पडून आहे.

मग अडतं कुठे? अडतं दारात.

गणपतीच्या आधी पंधरा दिवस संध्याकाळी बेल वाजते. दारात चार पोरं. एकाच्या हातात पावतीपुस्तक, पानांमध्ये निळा कार्बन, पेन दुसऱ्याच्या खिशात. त्यातला सर्वांत लहान मुलगा म्हणतो, ‘काका, गेल्या वर्षी तुमचे पाचशे एक होते. यंदा सातशे एक लिहू?’ आपण ‘अरे, महागाई...’ म्हणेपर्यंत पेनाचं टोपण निघालेलं असतं. सहाशे एकावर तोडगा निघतो, पावती फाटते, आणि चौथ्या दिवशी मांडवाबाहेरच्या फळ्यावर आपलं नाव दिसतं.

या दोन मिनिटांत काय काय घडलं? नाव घेऊन मागितलं. गेल्या वर्षीचा आकडा समोर ठेवला. रक्कम मागणाऱ्यानेच सुचवली. पावती हातावर ठेवली. सगळ्यांसमोर पोच दिली. बर्फाच्या बादलीने साऱ्या जगाला वेड लावलं, तिच्यातली प्रत्येक युक्ती आपल्या गल्लीतल्या पोरांना पाठ आहे. फरक एवढाच की पोरं पुढच्या वर्षी पुन्हा येतात, बादली आली नाही. एएलएस असोसिएशनने २०१५ च्या ऑगस्टमध्ये तोच खेळ पुन्हा मांडून पाहिला, तेव्हा पहिल्या पुराच्या मानाने ओंजळभरच हाती लागलं.

पाच कोटी आणि एक वाक्य

पूर यायच्या आधी पाट खणून ठेवावा लागतो. हे ऑस्ट्रेलियाने शिकवलं. जानेवारी २०२० मध्ये तिथली जंगलं पेटली असताना सेलेस्ट बार्बर या विनोदी कलाकार बाईने फेसबुकवर मदत मागितली. अपेक्षा तीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलरची. आले पाच कोटी तेरा लाख. मागितल्याच्या १,७१० पट.

पैसे इतके आल्यावर त्या म्हणाल्या, थोडे प्राण्यांना देऊ, थोडे घरं जळलेल्यांना, थोडे दुसऱ्या राज्यांना. देणाऱ्यांचीही ना नव्हती. पण पैसे ज्या खात्यात जात होते, ते होतं न्यू साउथ वेल्सच्या ग्रामीण अग्निशमन दलाच्या निधीचं. त्याच्या घटनेत लिहिलं होतं की पैसे दलाची साधनं, प्रशिक्षण आणि कामकाज यांवरच खर्च होतील. प्रकरण त्या राज्याच्या ‘सुप्रीम कोर्टा’त गेलं, आणि मे २०२० मध्ये न्यायमूर्तींनी सांगितलं: दलातल्या स्वयंसेवकांसाठी, जीव गमावलेल्यांच्या कुटुंबांसाठी वापरता येतील, इतर संस्थांना वाटता येणार नाहीत. व्हिडिओत काय बोललात ते कोर्ट बघत नाही, कागदावर काय आहे ते बघतं. पाच कोटी डॉलर एका वाक्यात अडकले.

आपल्याकडचा पाट तर याहून अरुंद आहे. समजा, एखाद्या तालुक्यातल्या संस्थेचं आवाहन व्हॉट्सॲपवरून न्यू जर्सीतल्या मराठी घरात पोचलं. जेवणाच्या टेबलावर नवरा-बायको दोघांनाही पाच-पाच हजार द्यायचे आहेत. नवऱ्याकडे अजून भारताचा पासपोर्ट आहे. त्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवले तर ती देशी देणगी. बायको अमेरिकेची नागरिक झाली आहे. तिचे पाच हजार म्हणजे विदेशी देणगी. संस्थेकडे विदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी हवी, आणि पैसे उतरायला हवेत दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खास खात्यात. एकाच टेबलावरचे, एकाच भाषेतले, सारखेच पाच हजार. त्याचे सरळ आले, तिचे चुकीच्या खात्यात पडले तर संस्था गोत्यात. क्यूआर कोड जगभर पसरवण्याआधी हे माहीत हवं.

सात कोटी सत्तर लाख कुठे गेले

एएलएस असोसिएशनने आलेल्या पैशांचा हिशेब चव्हाट्यावर मांडला. साडेअकरा कोटी डॉलरपैकी ७ कोटी ७० लाख संशोधनाला. २ कोटी ३० लाख रुग्णांच्या सेवेला. एक कोटी जनजागृती आणि डॉक्टरांच्या शिक्षणाला. ३० लाख निधी उभारणीला. आणि २० लाख डॉलर, म्हणजे बारा कोटी रुपये, गेले नुसत्या पैसे स्वीकारण्याच्या शुल्कात. कार्ड घासण्याचा खर्च बारा कोटी!

त्यातले दहा लाख डॉलर ‘प्रोजेक्ट माइन’ या जागतिक संशोधनाला मिळाले. अकरा देशांतल्या ऐंशीहून अधिक संशोधकांनी २०१६ मध्ये एएलएसशी संबंध असलेलं एनईके१ हे जनुक शोधलं. आणखी बावीस लाख डॉलर एका नव्या औषधाच्या चाचणीत घातले. ते औषध सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. बादलीचं पाणी आठ वर्षांनी औषधाच्या बाटलीत उतरलं, असं म्हणून लोक हरखले. मग ६६४ रुग्णांवरची मोठी चाचणी झाली, तीत औषधाचा गुण दिसला नाही, आणि एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने ते बाजारातून काढून घेतलं.

फ्रेट्स डिसेंबर २०१९ मध्ये गेला, क्विन नोव्हेंबर २०२० मध्ये. सातशे कोटींनी त्यांचा एक स्नायूही परत आणला नाही. मग पैसा वाया गेला का? नाही. सातशे कोटी रुपयांत औषध विकत मिळत नाही, औषध शोधायचे प्रयत्न विकत मिळतात. काही फसतात. हे देणाऱ्याला सांगायची हिंमत ज्या संस्थेत असते, तिच्याकडे माणूस दुसऱ्यांदा येतो.

उलटा हिशेब

आता ते मघाचं प्रमाण काढा. जगातल्या सर्वांत गाजलेल्या मोहिमेत दीडशे-पावणेदोनशे पाहणाऱ्यांमागे एक देणारा निघाला. १६० धरू.

समजा, तुमच्या गावातल्या एका अभ्यासिकेला महिन्याला पन्नास हजार लागतात: जागेचं भाडं, वीज, दोन ताई, पुस्तकं. महिन्याला शंभर रुपये देणारे पाचशे लोक मिळाले की काम चालतं. पोस्ट टाकून हे पाचशे मिळवायचे, तर विक्रमी प्रमाणानेसुद्धा ८० हजार माणसांनी ती पाहायला हवी. आणि ती बर्फाच्या बादलीइतकी अफाट चालली तरच. शिवाय त्यातले पुढच्या महिन्याला किती येतील?

दुसरा रस्ता. संस्थेचे पंचवीस हितचिंतक. प्रत्येकाने साठ जणांना फोन करायचा किंवा नाव घालून निरोप पाठवायचा. ‘सर्वांना विनंती’ नव्हे. ‘सुनीताताई, तुम्ही महिना शंभर द्याल का?’ असं. पंचवीस साठे पंधराशे. तिघांतल्या एकाने हो म्हटलं की पाचशे पुरे. दर तीन महिन्यांनी प्रत्येकाला कळवायचं: तुमच्या तीनशे रुपयांचं काय झालं, कुठलं पुस्तक आलं, कुठला पंखा बिघडला. आणि आर्थिक वर्ष संपलं की करसवलतीची पावती, न मागता.

ऐंशी हजार अनोळखी डोळे, किंवा पंधराशे ओळखीची नावं. तुमची संस्था असेल तर आज क्यूआर कोड पसरवण्याआधी मोबाइल उघडा आणि साठ नावं लिहून काढा. आणि संस्था नसेल, नुसते पाहणारे असाल, तर पुढच्या वेळी व्हिडिओ पाहून झाल्यावर एवढं आठवा: तुमच्या त्या पाहण्याची किंमत सत्तर पैसे होती. उरलेले नव्व्याण्णव रुपये तीस पैसे घातलेत, की शंभराची पावती फाटते.